हात न लावायचा बेत

ग्रेकाने खुर्ची आणली तेव्हाच प्रियामोला संशय यायला हवा होता.

मे महिना होता. खुर्ची घडीची, लाकडी, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची. घराकडचा, व्हिल्लानोव्हा वस्तीचा चढ चढून ती तिने स्वतः खांद्यावरून आणली. वाटेत दोघांनी हात पुढे केला, तिने नको म्हटलं. स्वयंपाकघरात येऊन तिने खुर्ची उघडली, बसली, पाठ टेकली, उठली, परत बसली. मग मागचा दांडा एक खाच पुढे घेतला. फार मागे कललं की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. फार ताठ बसलं की माणूस उठायच्या तयारीतच राहतो. तिला मधली खाच हवी होती.

"कुणासाठी ही?" प्रियामोने विचारलं.

"माझ्यासाठी."

"तू कधी बसतेस?"

"तेच ना," ग्रेका म्हणाली आणि खुर्ची मिटून दारामागे ठेवली.

ग्रेका झेद्दा तेराव्या वर्षी काल्यारी शहरातल्या तंबाखूच्या कारखान्यात लागली आणि त्या वसंतात तिथून निवृत्त झाली. मधल्या काळात तिने सिगार वळले. ओलसर पान फळीवर पसरायचं, शिरा काढायच्या, आतलं सारण मुठीत दाबून घ्यायचं, पान तिरकं गुंडाळायचं आणि टोक डिंकाच्या एका थेंबाने बसवायचं. जोर जास्त झाला तर सिगार ओढला जात नाही, कमी झाला तर हातात सुटतो. हे काम डोळ्यांनी होत नाही, अंगठ्याने होतं. म्हणून तिचा उजवा अंगठा आणि दोन बोटं झोपेतसुद्धा काहीतरी वळत असायची. तिचा नवरा प्रियामो गोदीत हमाल होता. त्याची निवृत्ती अजून लांब होती. अंगाने दांडगा, मनाने सरळ आणि घरात पाहुण्यासारखा.

उन्हाळा आला की अख्खं काल्यारी पोएत्तोच्या किनाऱ्यावर जातं. घरापासून ट्रामने फार लांब नाही, पण लोक देश सोडून निघाल्यासारखे निघतात. गाद्या, भांडी, गॅसची टाकी, रेडिओ, देवीची तसबीर, कुणाकुणाच्या कोंबड्या. वाळूवर रंगीत लाकडी खोपटांची रांग असते, एकाला लागून एक, आणि तिथे सप्टेंबरपर्यंत मुक्काम. झेद्दांचं खोपटं हिरवं. ते प्रियामोच्या बापाने बांधलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ग्रेका तिथे सून म्हणून आली. सासूने शेगडी दाखवली आणि आपण सावलीत जाऊन बसली.

तेव्हापासून ग्रेका दर उन्हाळ्यात पोएत्तोला होती. जुलैत सकाळची ट्राम पकडून कारखान्यात जायची, येताना बाजार करून यायची, मग रांधायची. ऑगस्टमध्ये कारखाना बंद, म्हणून दोन्ही वेळचं रांधायची. नळ रस्त्याच्या कडेला होता. भरलेली बादली वाळूतून नेणं म्हणजे पक्क्या जमिनीवरून दोन नेणं. पाय रुततो, वर काढावा लागतो, आणि पाणी सांडतं ते आपल्याच ओल्या पावलांना वाळू चिकटवायला. समुद्रात ती रोज जायची. घोट्यापर्यंत, खरकटी भांडी घेऊन.

खुर्ची आणल्यानंतरच्या रविवारी सगळे जेवायला जमले. मुलगा नीनो, सून लुइसेल्ला आणि प्रियामोची थोरली बहीण बोनारिया. बोनारिया विधवा होती, जवळच राहायची आणि जिभेला धार लावूनच घराबाहेर पडायची.

ग्रेकाने सगळ्यांना वाढलं, स्वतः बसली आणि म्हणाली, "या वर्षी मी पोएत्तोला सुट्टीवर येणार आहे."

बोनारिया हसली. "अगं बाई! मग इतकी वर्षं कुठे येत होतीस?"

"कामावर."

प्रियामोने पाव तोडणं थांबवलं. "म्हणजे? स्वयंपाक?"

"करणार नाही."

"सकाळचा का रात्रीचा?"

"शेगडीला हात लावणार नाही. बादलीला नाही, झाडूला नाही. खुर्ची घेतलीय. तिच्यावर बसणार."

"आणि फेर्रागोस्तोला?" बोनारियाने विचारलं. ऑगस्टच्या मध्याचा तो सण. त्या दिवशी सगळ्या खोपटांची टेबलं बाहेर वाळूवर मांडली जातात आणि कुणाच्या ताटात काय आहे हे अख्ख्या रांगेला दिसतं. "त्या दिवशी तरी आमची अब्रू राखशील ना?"

"त्या दिवशी तर मुळीच नाही."

लुइसेल्ला चटकन म्हणाली, "आई, मी करीन ना. तुम्ही बसा खुशाल."

"तू केलंस तर मी कशाला बसू? माझ्या जागी तुला उभं करायला मी खुर्ची आणली नाही. तूही सुट्टीवर."

"मग मीच आणीन डबा माझ्या भावाला," बोनारिया म्हणाली. "मेला उपाशी तर उचलायला सहा माणसं लागतील."

ग्रेका प्रियामोकडे वळली. "गोदीत तुम्ही संपावर असलात की तुमच्या जागी बाहेरची माणसं आणून बोट रिकामी करतात. त्यांना तू काय म्हणतोस?"

प्रियामोने चमचा खाली ठेवला. त्यांना तो काय म्हणतो ते सुनेसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"आई, पण मागणी काय आहे तुझी?" नीनो हसत म्हणाला. "ती तरी सांग. वाटाघाटी करू."

"मागणी नाही. मागणी सांगितली असती तर तुम्ही निम्मी मान्य केली असती आणि मला परत शेगडीपाशी नेऊन उभं केलं असतं." तिने आपल्या ताटात वाढून घेतलं. "प्रियामो, जूनअखेरपर्यंत काय विचारायचं ते विचार. मीठ किती, पाणी किती, आच किती. सगळं दाखवीन. एकदा पोएत्तोला गेलो की विचारणंही बंद, सांगणंही बंद."

"विचारायचंय काय त्यात?" प्रियामो म्हणाला. "मी आयुष्यभर जहाजं रिकामी केलीत. एक भांडं भरता येणार नाही मला?"

आणि त्याने खरंच काही विचारलं नाही.

ग्रेकाने मात्र तयारी केली. संप कसा फुटतो हे तिला ठाऊक होतं. मालक फोडत नाही, आपलेच हात फोडतात. ती विशीत असताना कारखान्यात मोठा संप झाला होता. बाया फळ्यांपुढे हाताची घडी घालून बसल्या होत्या. सकाळी भिजवलेली पानं समोर तशीच पसरलेली. दुपारपर्यंत ती कडेने वाळायला लागली, कुरकुरायला लागली. ग्रेकाचा हात आपसूक पाण्याच्या वाडग्याकडे गेला. शेजारी मुंदिक्का म्हणून म्हातारी बसायची, तिने तिचं मनगट धरलं. "पान वाळतंय तर वाळू दे. ते आपलं नाही. आपलं काम आज बसणं आहे, आणि ते वळण्यापेक्षा जड आहे." त्या दिवशी पाचशे सिगार वळून दमली नसती इतकी ग्रेका दमून घरी गेली होती.

म्हणून आता ती रोज दुपारी स्वयंपाकघरात खुर्ची उघडून बसण्याचा सराव करू लागली. पहिल्या दिवशी कॉफी उतू जाईपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी कॉफी उतू गेली तरी टिकली, पण दारावर भाजीवाला ओरडला तेव्हा उठली. बोटांचा त्रास सर्वांत जास्त. ती मांडीवर पडून वळत राहायची. बोनारिया म्हणाली, "विणायला घे काहीतरी, वेडी होशील." ग्रेका म्हणाली, "ते कामच आहे." तिने बोटांना काही दिलं नाही. जूनच्या शेवटी ती थोडी शांत झाली.

ॲप्रन तिने घरी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली शेजारणीला दिली. पोएत्तोहून ॲप्रन आणायला परत यावं लागलं तर ट्राममध्ये शहाणपण येईल, असा हिशोब.

जायच्या दिवशी तीनचाकी दाराशी उभी राहिली. प्रियामो आणि नीनोने सामान भरलं. गाद्या खाली, त्यांवर भांडी, भांड्यांवर गॅसची टाकी. जड वस्तू वर आणि मऊ खाली. गोदीत असं केलं असतं तर मुकादमाने त्याला घरी पाठवलं असतं, पण घरचं सामान उचलताना त्याला ते आठवलं नाही. ग्रेका खुर्ची काखेत धरून फुटपाथवर उभी होती. टाकी पहिल्याच वळणावर कलंडणार हे तिला दिसत होतं. तिने समोरच्या घराच्या खिडक्या मोजल्या. टाकी पहिल्याच वळणावर कलंडली.

जुलैभर झेद्दांच्या खोपट्यात टोमॅटो, पाव, डब्यातला मासा आणि पास्ता एवढंच जेवण होतं. पास्ता आधी चिकट झाला, मग कच्चा राहिला, मग एकदा बरा झाला. प्रियामो गोदीतून यायचा, नळावर जायचा, वाळूतून बादल्या आणायचा. पहिल्या आठवड्यात निम्मं पाणी सांडायचा. मग पावलं जवळजवळ टाकायला शिकला. बादलीत लाकडाची चकती टाकली की पाणी हिंदकळत नाही हे त्याने स्वतः शोधून काढलं आणि त्याचा त्याला फार अभिमान वाटला. ग्रेकाला ते लग्नाच्या वर्षीपासून माहीत होतं. ती समुद्राकडे बघत बसली.

रांगेतल्या बाया येता-जाता थांबायच्या. तिला त्या त्सिया, म्हणजे मावशी, म्हणत.

"त्सिया ग्रेका, बरं नाही का?"

"बरंय. सुट्टीवर आहे."

आधी त्या हसल्या. मग एक जण नुसतीच येऊन वाळूत शेजारी बसली. मग दुसरीने विचारलं, खुर्ची कुठल्या सुताराकडून आणली.

बोनारिया रोज संध्याकाळी ट्रामने येऊन पाहणी करायची. "भाऊ वाळला माझा."

"कमरेला वाळलाय," ग्रेका म्हणायची. "बरं दिसतं."

ऑगस्ट आला तसं प्रियामोने जाहीर केलं की फेर्रागोस्तोला तो फ्रेगोला करणार. रव्याच्या भाजलेल्या बारीक गोळ्या, त्यात तिसऱ्या, शिंपल्यांसकट. हे त्याच्या आईचं करणं होतं, मग ग्रेकाचं झालं. पास्ता उकडणं वेगळं आणि अख्ख्या रांगेसमोर फ्रेगोला मांडणं वेगळं. "बघाच," तो शेजारच्या रेमोन्दोला म्हणाला. "बायका उगाच बाऊ करतात."

सणाच्या पहाटे तो आणि नीनो कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पायांनी वाळू चाळत तिसऱ्या काढून घेऊन आले. चांगल्या टपोऱ्या, बादलीभर. ग्रेका खुर्ची मांडत होती. प्रियामोने तिसऱ्यांची बादली घेतली, ताठ मानेने रस्त्याकडे गेला आणि नळाखाली धरली.

ग्रेकाचे हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले.

तिसऱ्या समुद्राच्या पाण्यात ठेवाव्या लागतात. खाऱ्या पाण्यात त्या निवांत होतात, तोंड उघडतात, जीभ बाहेर काढतात आणि पोटातली वाळू ओकून टाकतात. गोड्या पाण्यात त्या घाबरून घट्ट मिटतात आणि वाळू आतच ठेवतात. हे पोएत्तोवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण प्रियामो महिनाभर नळाचं पाणी वाहून वाहून असा तयार झाला होता की धुवायचं म्हटलं की त्याचे पाय आपोआप नळाकडेच वळत. समुद्र समोर होता. हाक मारली असती तर ओ दिली असती, इतका जवळ.

एक शब्द पुरला असता. "खारं." त्याने लगेच ओळखलं असतं, कपाळावर हात मारला असता, बादली उपडी केली असती, आणि दुपारी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं असतं. सण साजरा झाला असता. तिच्या अब्रूलाही बरं होतं ते. रांगेतल्या बाया प्रियामोला हसणार नव्हत्या, तिलाच हसणार होत्या.

तिने तो शब्द गिळला. तो परत वर आला. मिटलेल्या तिसऱ्यांची बादली तिच्यापासून चार हातांवर सावलीत होती आणि ऊन वर चढत होतं. अजून वेळ होता. अजूनही पाणी बदललं तर जमलं असतं. तिची बोटं वळायला लागली. महिनाभर शांत असलेली बोटं.

ग्रेका खुर्चीतून उठली.

प्रियामो लसूण सोलत होता. त्याने मान वर केली, तिला उभं राहिलेलं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. पाळी संपत आलेल्या हमालाला फाटकातून पुढच्या पाळीची माणसं येताना दिसावीत, तसा. हातातली लसणाची पाकळी त्याने अर्धी सोललेली तशीच खाली ठेवली.

ती पाकळी खाली ठेवलेली ग्रेकाने पाहिली आणि तिचा पाय थांबला. आता बादलीपाशी गेलं की पुढे लसूण, मग आच, मग ताटं, मग उद्याचा दिवस. तिने पाऊल वळवलं आणि सरळ समुद्राकडे चालू लागली. घोट्यापर्यंत गेली, तिथे सवयीने थांबली. हातात भांडी नव्हती. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. झगा पाण्यावर फुगला, तिने तो खाली दाबला. पाणी छातीला लागलं तेव्हा ती थांबली आणि किनाऱ्याच्या टोकाच्या, सैतानाचं खोगीर म्हणतात त्या कड्याकडे तोंड करून उभी राहिली, किनाऱ्याकडे पाठ करून. पोहता तिला येत नव्हतं. पाठीमागे काय चाललंय हे दिसत नव्हतं आणि तिथून सांगायचं म्हटलं तर ओरडावं लागलं असतं. बोटांना पाण्यात वळायला काही सापडेना.

ती परत आली तोवर टेबल मांडलं होतं. बोनारिया आली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन. लुइसेल्लाने सासूला टॉवेल दिला. फ्रेगोलाचं पातेलं मधोमध होतं. वास सुरेख होता आणि रंगही. रेमोन्दो आपल्या टेबलावरून ओरडला, "अरे प्रियामो, हे तू केलंस?"

"मग कोणी? पोपने?"

सगळ्यांनी पहिला घास घेतला.

कर्र्.

 नीनोने चावणं थांबवलं. लुइसेल्लाने ताटाकडे पाहत कसाबसा घास गिळला. प्रियामो चावत राहिला. वाळूचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत जात होता.

"मला काही लागत नाही," तो म्हणाला.

बोनारियाने घास रुमालात काढला. "लागत नाही? अरे, अख्खा पोएत्तो ताटात वाढलायस. खोपटं तेवढं राहिलं."

रेमोन्दोच्या टेबलावर हशा पिकला. प्रियामो लाल झाला. मग त्याने हळूच सावलीतल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो ग्रेकाकडे वळला.

"तू बघितलं होतंस?"

"बघितलं."

"सकाळीच?"

"सकाळीच."

"आणि बोलली नाहीस!" त्याने टेबलावर हात आपटला. "एक शब्द, ग्रेका! एका शब्दाने काय झिजली असतीस?"

"तो एक शब्द वेळेवर बोलायचा तर सकाळपासून तुझ्या हातांवर डोळे ठेवून बसावं लागतं," ग्रेका म्हणाली. तिच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. "आणि तसंच बसायचं असेल, तर उभं राहिलेलं काय वाईट?"

 बोनारियाने तेवढ्यात मांडीवरचं फडकं सोडलं. आत लझान्याचं मोठं ताट होतं, कडांना खरपूस, अजून कोमट. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. "चला, ताटं पुढे करा. सणासुदीला उपाशी राहू नये."

नीनोने ताट पुढे केलं. प्रियामोने लझान्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला भूक लागली होती आणि ते कुणालाही दिसत होतं. मग त्याने फडक्याची टोकं उचलून परत बांधली.

"उद्या खाऊ," तो म्हणाला.

"वेडा झालास का रे?"

"बोनारिया, गोदीत मी अशा माणसांच्या अंगावर धावून गेलोय. तू बहीण आहेस म्हणून नुसतं फडकं बांधतोय." तो उठला. "नीनो, बादली घे."

"बाबा, ताट वाढलंय..."

"बादली."

भर दुपारी, सगळी रांग जेवत असताना, बापलेक पाण्यात उभे राहून पुन्हा पायांनी वाळू चाळू लागले. बाकीच्यांनी पाव खाल्ला, चीज खाल्लं, ओल्या वाळूत पुरून गार केलेलं कलिंगड बाहेर काढलं. ते लुइसेल्ला कापायला उठली तर ग्रेकाने नुसतं तिच्याकडे पाहिलं. लुइसेल्ला बसली. कलिंगड शेवटी रेमोन्दोने येऊन कापलं, वेडंवाकडं.

प्रियामो या वेळी नळाकडे गेला नाही. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीपाशी तो उकिडवा बसला. घाई करून चालत नाही हे त्याला कळलं होतं, पण किती वेळ ठेवायचं हे कळत नव्हतं. त्याने एकदा ग्रेकाकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, परत बादलीत पाहू लागला. तिसऱ्यांनी जिभा बाहेर काढल्या. तळाला वाळूचा पातळ थर बसला. त्याने पाणी बदललं. पुन्हा बसला. मधून एखादी कच्चीच उघडून दातांखाली धरून बघायचा, थुंकायचा, पाणी बदलायचा. रेमोन्दोच्या बायकोने त्याला काही सांगायला तोंड उघडलं तर त्याने हाताने तिला थांबवलं.

ऊन कड्याच्या मागे गेलं तेव्हा त्याने शेगडी पेटवली.

दुसऱ्यांदा कुणीही आधी घास घ्यायला तयार होईना. ग्रेकाने घेतला. सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते. तिने सावकाश चावलं.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"समुद्राचं आहे ते," प्रियामो म्हणाला. "आणि वाळू?"

"नाही."

तिने पातेलं पुढे ओढून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बोनारियाही जेवली. तिने नाव ठेवायला काही शोधलं, फ्रेगोलाच्या दोन गोळ्या करपलेल्या सापडल्या, त्या तिने ताटाच्या कडेला मांडून ठेवल्या आणि बाकी सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रेकाला नेहमीच्या वेळी जाग आली. खोपट्याच्या फटींतून उजेड आत येत होता. प्रियामोची बाजू रिकामी होती. बाहेर शेगडी पेटली होती, कॉफीचा वास येत होता, आणि प्रियामो एकेक डबा उघडत होता, झाकण परत लावत होता, पुटपुटत होता. साखर शोधत होता. साखर कुठे आहे हे ग्रेकाला माहीत होतं.

ती कुशीवर वळली आणि चादर कानावर ओढून घेतली.